नऊ आले, तिसऱ्या आठवड्याला दोनच उरले

प्रश्न: मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी प्राध्यापक आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचं कामही माझ्याकडे आहे. आमची काही मुलंमुली लेखी परीक्षेत चांगले गुण घेतात, पण सेमिनार म्हटलं की गैरहजर आणि तोंडी परीक्षेला दांडी. एका कार्यशाळेत 'सोशल अँग्झायटी'बद्दल, म्हणजे चारचौघांत बोलण्या-वागण्याच्या तीव्र भीतीबद्दल, ऐकलं आणि वाटलं, अशांचा एक गट करावा. नोटीस लावली, नऊ जण आले. पहिल्या दिवशी गोल बसवून प्रत्येकाला ओळख करून द्यायला सांगितली, मग मी थोडं प्रेरणा देणारं बोललो. दुसऱ्या आठवड्याला पाच आले, तिसऱ्याला दोन. त्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, सगळेच भिणारे एका खोलीत बसून भीती कशी कमी होईल?" माझं काय चुकलं? गट चालवावा की बंद करावा?

उत्तर:

सर, गट बंद करू नका. पण चाललाय तसा चालवूही नका. खरं तर नऊ आले हेच नवल आहे. चारचौघांत तोंड उघडायला घाबरणाऱ्या मुलाने नोटीस वाचायची, व्हरांड्यातून चालत यायचं, दार लोटून आत शिरायचं, हे त्याच्या दृष्टीने केवढं मोठं काम! तेवढं त्यांनी केलं. गडबड झाली ती आत आल्यावर.

मी छत्रपती संभाजीनगरात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आणि विद्यार्थ्यांचे असे गट घ्यायला लागून मला बारा-तेरा वर्षं झाली. माझ्या पहिल्या गटात आठ जण होते, चौथ्या आठवड्याला तीन उरले. मीही गोल बसवून ओळखच करून घेतली होती. त्यामुळे तुमचे आकडे वाचून मला हसू आलं, ते स्वतःचंच.

ती ओळखीची फेरी आधी घेऊ, कारण बहुतेक मुलं तिथेच गळतात. आपल्याला वाटतं, नाव-गाव सांगायला काय लागतं? पण त्या मुलाच्या जागी बसून बघा. डावीकडून सुरुवात झाली, तो सहावा. पहिला बोलतोय तेव्हा हा मनात स्वतःचं वाक्य जुळवतोय. दुसरा बोलतोय तेव्हा छाती धडधडायला लागली. चौथ्यापर्यंत घशाला कोरड. पाचव्याचं नाव याने ऐकलंसुद्धा नाही. पाळी आली, आवाज चिरका निघाला, गाव सांगायचं राहिलं आणि उरलेला तास "काय माती खाल्ली" यात गेला. तुमचं प्रेरणादायी बोलणं, माफ करा, त्याच्या कानावर पडलंच नाही. हजेरीला 'येस सर' म्हणताना रोज जे होतं तेच तुम्ही गटात करून घेतलंत, तेही ज्याच्यापासून सुटका हवी म्हणून तो आला होता त्याच दिवशी.

आता मी पहिल्या दिवशी दोघादोघांच्या जोड्या लावते. खुर्च्या समोरासमोर नाही, थोड्या तिरक्या. विषय साधा देते: इथे येताना दारापाशी मनात काय आलं? दोघांनी पाच मिनिटं बोलायचं. मग दोन जोड्या मिळून चौघं. सगळ्या गटासमोर बोलणं तिसऱ्या भेटीआधी येतच नाही. न बोलता बसलात तरी चालेल, हे सुरुवातीलाच सांगते. फक्त पुढच्या आठवड्याला या, एवढंच मागते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या प्रश्नापेक्षा तो जास्त चांगला आहे. भिणारे एकत्र बसून नुसते आपापल्या भीतीबद्दल बोलत राहिले तर भीती कमी होत नाही. कधीकधी वाढते. गटात दुःखं सांगायची, सगळ्यांनी माना हलवायच्या, डोळे पुसायचे, घरी जायचं, असं वर्षभर चाललं तरी तोंडी परीक्षेला दांडी ती दांडीच. गट उपयोगी पडतो तो वेगळ्या कारणासाठी. ज्याची भीती वाटते ते तिथे छोट्या मापात करून बघता येतं, आणि आपला अंदाज खरा ठरला का हे तिथल्या तिथे माणसांना विचारता येतं. एकट्याच्या समुपदेशनात मी एकटीच समोर असते. मी "नाही रे, हात थरथरताना दिसत नाहीत" म्हटलं तर त्याला वाटतं, मॅडम बोलणारच असं. तेच सात अनोळखी पोरं म्हणाली तर?

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. परळीकडचा एक मुलगा, एमएस्सीला. चारचौघांत चहा पीत नसे. हात थरथरेल, कप बशीवर वाजेल, लोक बघतील. कँटीनमध्ये मित्रांबरोबर गेला की "मला ॲसिडिटी आहे" म्हणायचा. दोन वर्षं ॲसिडिटी होती बिचाऱ्याला. पाचव्या भेटीला आम्ही चहा मागवला, मुद्दाम कपबशीत. त्याला काम दिलं: कप उचलायचा आणि हात मुद्दाम जोरात हलवायचा, चहा बशीत सांडेपर्यंत. त्याआधी कागदावर अंदाज लिहून घेतला. त्याने लिहिलं, "सगळे बघतील. किमान दोघं हसतील. नंतर माझ्याशी नीट बोलणार नाहीत." खात्री किती? ९५ टक्के.

त्याने कप उचलला. हलवायची गरजच पडली नाही, हात आपोआपच थरथरला. बशीत चहा, गुडघ्यावर दोन थेंब. मग त्यानेच एकेकाला विचारायचं होतं, "तुम्हाला काय दिसलं?" सात जणांपैकी तिघांनी काहीच पाहिलं नव्हतं. एकाला कप वाजलेला ऐकू आला होता, पण त्याला वाटलं शेजारच्याचा. जालन्याची एक मुलगी म्हणाली, "मला काय बी दिसलं नाही. मी मपल्याच कपाकडं बघत होते, आता मपला नंबर येतो का म्हणून." खोलीत हशा पिकला आणि सगळ्यात मोठ्याने तो पोरगा हसला.

तुमच्या त्या विद्यार्थिनीला हे सांगा. भिणारे एकत्र बसले की पहिल्यांदा हे उघड्यावर येतं, की तू माझ्याकडे बघत नव्हतास, कारण तू तुझ्यातच गुंतला होतास. हो, लाजऱ्यांच्या खोलीतला हा पुरावा थोडा सोयीचा आहे. बाहेरचे लोक इतके स्वतःत बुडालेले नसतात. म्हणून सातव्या-आठव्या आठवड्याला खोली सोडून बाहेर पडावंच लागतं. पण बाहेरही चित्र फार वेगळं नसतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून खोलीत पाठवलं होतं. २००० साली तो अभ्यास छापून आला. खोलीतल्या निम्म्या लोकांच्या तरी लक्षात आलं असेल, असा घालणाऱ्यांचा अंदाज. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आलं होतं. ती मुलं आजारी नव्हती, तुमच्या-माझ्यासारखीच होती. आपण सगळेच हा हिशेब चुकवतो. सोशल अँग्झायटीत तो फार मोठ्या फरकाने चुकतो, एवढंच.

हा त्रास नुसत्या लाजाळूपणापेक्षा वेगळा आहे, हे तुम्ही ओळखलंत ते बरं झालं. घरचे म्हणतात "बुजरा आहे", शिक्षक म्हणतात "स्टेज डेअरिंग नाही". लंडनमध्ये आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर यांनी १९६६ मध्ये ही भीती इतर भीतींपासून वेगळी करून मांडली आणि १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र नाव मिळालं. बहुतेकांना ती तेराव्या वर्षाच्या आसपास, म्हणजे सातवी-आठवीत सुरू होते. आपल्याकडे त्यानंतरची चार-पाच वर्षं मूल लपून राहू शकतं, कारण शाळेपासून शिकवणीपर्यंत कुणी त्याला बोलायला लावत नाही. लातूर पॅटर्नमधून आलेल्या कित्येक हुशार मुलांनी दोन वर्षांत ओएमआर शीटवर हजारो गोळे रंगवलेले असतात, मोठ्याने एक प्रश्न विचारलेला नसतो. पदवीला सेमिनार, पदव्युत्तरला तोंडी परीक्षा आली की मग झाकलेलं उघडं पडतं. गुण उत्तम असल्यामुळे त्रास आहे असं कुणाला वाटतच नाही. आणि हा त्रास साहजिकच मुकाट असतो. मुलांना दंगा करता आला असता तर केव्हाच मदत मिळाली असती.

ही भीती इतकी वर्षं टिकते कशी, हे गट घेणाऱ्याने समजून घ्यायलाच हवं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये जी मांडणी केली ती मला अजून सर्वांत कामाची वाटते. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, लक्ष आत वळतं. समोरच्याचा चेहरा पाहायचं सोडून मुलगा स्वतःच्या छातीची धडधड मोजत बसतो आणि आतून जेवढं वादळ जाणवतं तेवढंच बाहेर दिसतंय असं धरून चालतो.

दुसरी, कुबड्या. इंग्रजीत त्याला वेगळं नाव आहे, मी कुबड्याच म्हणते. मोबाईल उगीच कानाला लावणं, ओढणीने तोंड झाकणं, कोविड संपून इतकी वर्षं झाली तरी मास्क न काढणं, सेमिनार कागदावरून शब्द न् शब्द वाचणं, ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरणं, बोलायच्या आधी वाक्य मनात चार वेळा घोकणं. कुबडीमुळे वेळ निभावते, पण श्रेय कुबडीला जातं. "मास्क होता म्हणून वाचलो." गंमत म्हणजे ग्लास घट्ट धरला की हात जास्तच थरथरतो आणि वाक्य घोकत बसलं की समोरच्याचं बोलणं निसटतं, मग उत्तर खरंच असंबद्ध येतं.

तिसरी, रात्रीचं रवंथ. हॉस्टेलच्या खाटेवर पडल्या पडल्या दिवसभरातलं एक वाक्य परत परत चघळायचं, दरवेळी थोडं अधिक वाईट करून. सकाळी उठेपर्यंत दहा सेकंदांची अडखळ म्हणजे अख्ख्या वर्गासमोर झालेली बेइज्जती झालेली असते.

गटातलं प्रत्येक काम या तिघांपैकी एकाला धक्का देणारं हवं. "आत्मविश्वास बाळगा", "घाबरायचं काय त्यात" ही वाक्यं एकालाही धक्का देत नाहीत, म्हणून ती माझ्या गटात बंद आहेत. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. तिथे टाळ्या वाजवून मुलाला व्यासपीठावर ढकलतात. तो एकदा बोलतो, पण डोळे मिटून, पाठ केलेलं, धापा टाकत. कुबड्यांसकट बोलतो. मग पुढच्या वेळी भीती तेवढीच.

आमच्याकडे चिठ्ठी असते. वहीचं अर्धं पान. वर लिहायचं: मी काय करणार, काय होईल असं मला वाटतं, खात्री किती टक्के, कोणती कुबडी सोडणार. करून आल्यावर खाली लिहायचं: डोळ्यांना काय दिसलं, कानांना काय ऐकू आलं. "वाईट वाटलं" हे चालत नाही; वाईट वाटणारच. अंदाज होता की दुकानदार ओरडेल. ओरडला का?

कामं आपल्या भागातलीच निवडा. झेरॉक्सच्या दुकानात गर्दीच्या वेळी जाऊन "काका, हे एक पान परत करून द्या, पुसट आलंय" म्हणणं. आठवडी बाजारात तीन गाड्यांवर भाव विचारून काही न घेता पुढे जाणं. एसटीत कंडक्टरला मागच्या सीटवरून मोठ्याने "पुढच्या फाट्यावर थांबवा" सांगणं. खाणावळीत एकट्याने मधल्या टेबलावर बसून जेवणं आणि दुसऱ्यांदा भाजी मागणं. बँकेत लोक बघत असताना स्लिप भरणं. ज्यांना चारचौघांत लिहिताना हात कापतो त्यांच्यासाठी हे काम फार अवघड असतं, शिष्यवृत्तीचे पैसे काढायला मोठ्या भावाला पाठवणारी मुलं मी पाहिली आहेत. कामांची उतरंड मुलाने लावायची, तुम्ही नाही. तुम्हाला सोपं वाटणारं त्याला डोंगर असतं. एक मुलगी दोनशे लोकांसमोर गाणं म्हणायची, पण प्रयोगशाळेत शेजारच्या मुलीकडे पिपेट मागायला तिची जीभ टाळूला चिकटायची.

तोंडी परीक्षेसाठी एक खास काम आहे. दोघं परीक्षक होतात, एक परीक्षार्थी. परीक्षार्थ्याने येत असलेल्या प्रश्नालाही एकदा "सर, मला हे माहीत नाही" असं शांतपणे म्हणायचं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघायची. बस. दांडी मारणाऱ्या मुलांना अभ्यासाची भीती क्वचित असते. 'माहीत नाही' म्हणायची वेळ येईल आणि मग जमीन दुभंगेल, अशी त्यांची धारणा असते. चार-पाच वेळा म्हणून झालं की जमीन जागेवर असते आणि परीक्षक पुढचा प्रश्न विचारतो.

मोबाईलचा कॅमेरा वापरा. दोन मिनिटं बोलतानाचं चित्रण करायचं, पण पाहण्याआधी मुलाने सांगायचं की त्याला काय दिसेल: चेहरा किती लाल, आवाज किती कापरा, दहापैकी गुण द्यायचे. मग अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहायचं. आकडे जवळपास नेहमीच खाली येतात. चित्रण त्याच्याच मोबाईलवर करायचं आणि पाहून झालं की त्याच्याच हाताने पुसायचं. यात हयगय नको.

आता एक अवघड गोष्ट. सगळी भीती डोक्यातली नसते. उदगीरकडचा एक मुलगा इथे शिकायला आला. वर्गात विचारलं, काय चाललंय? तो म्हणाला, "लिहिलालो सर." सरांनी ते वाक्य त्याच्याच हेलात परत म्हणून दाखवलं. वर्ग हसला. त्या दिवसानंतर दीड वर्ष तो वर्गात बोलला नाही. त्याला मी "लोक हसतील असं तुला उगीच वाटतं" म्हणायचं का? हसलेच होते ना! अशा वेळी अंदाज तपासायची चिठ्ठी पुढे केली तर तो मुलाचा अपमान होतो. आम्ही वेगळं केलं. गटात त्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या गावची बोली बोलायची ठरलं. 'येलालो', 'करलालाव', 'मपलं', 'काहून', सगळं खुर्चीवर मांडी घालून बसलं. मग त्याचं काम ठरलं: बोली न बदलता चार दुकानांत बोलायचं. आणि माझं काम ठरलं: त्या सरांना भेटायचं. सर ओशाळले, त्यांना आठवतही नव्हतं.

आडनावाचंही तसंच. नवीन मुलाला वसतिगृहात पहिल्या पाच मिनिटांत आडनाव विचारतात, ते कशासाठी हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही कळतं. ज्या मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत इतकी वर्षं लढा चालला, त्याच भागात आपण राहतो. एखादा मुलगा पूर्ण नाव सांगताना अडखळतो तेव्हा ती सोशल अँग्झायटी आहे की शहाणपणाने आलेली सावधगिरी, हे ऐकून घेतल्याशिवाय ठरवू नका. मुलींचंही. बसस्टँडवर नजर खाली घालून चालणारी मुलगी कधीकधी अगदी बरोबर अंदाज करत असते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलं दिवाळीनंतर शाळेतून नाहीशी व्हायची आणि परत आल्यावर वर्गासमोर "कुठं होतास रे?" हा प्रश्न यायचा, बीडला हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. जिथे छळ आहे तिथे तक्रार, रॅगिंगविरोधी समिती, प्राचार्य. गट या तक्रारीसोबत असू शकतो, तिच्याऐवजी नाही.

तुमच्या गटाच्या व्यवस्थेबद्दल थोडं, जरा परखड. तुम्ही या मुलांना अंतर्गत गुण देता. मग गट तुम्ही घेऊ नका. तुम्ही कितीही भले असलात तरी ज्याच्या हातात वीस गुण आहेत त्याच्यासमोर मूल मुद्दाम चुकणार नाही, आणि मुद्दाम चुकता येणं हाच इथला अभ्यास आहे. दुसऱ्या विभागातलं कुणी बघा. मानसशास्त्राचा विभाग असेल तर उत्तम, नसेल तर शांत बसू शकणारे ग्रंथपालही चालतील. दोघांनी मिळून घ्या, एक बाई असावी. तुम्ही खोली, वेळ, चहा आणि प्राचार्य एवढं सांभाळा.

मुलं सहा ते आठ. रिचर्ड हाइमबर्ग यांनी अमेरिकेत जी गट-उपचार पद्धत बसवली, तिच्यात साधारण सहा जण, दोन उपचारक, अडीच तासांच्या बारा साप्ताहिक भेटी असतात. आपल्या सेमिस्टरमध्ये बारा बसत नाहीत. मी नव्वद मिनिटांच्या दहा घेते, आणि परीक्षेच्या तीन आठवडे आधी संपवते. गट एकदा सुरू झाला की नवीन माणूस घ्यायचा नाही. मुलींना मिश्र गट चालेल का हे एकेकीला विचारा, सगळ्यांसमोर नाही. वेळ शेवटच्या एसटीच्या बेताने.

नोटीस बोर्डावर 'सोशल अँग्झायटी' लिहू नका. तालुक्याच्या गावात प्रत्येकाचा कुणीतरी पाहुणा असतो, संध्याकाळपर्यंत घरी फोन जातो, "पोराला काय झालंय?" 'तोंडी परीक्षेची तयारी' एवढं लिहिलं तरी योग्य मुलं येतात. येण्याआधी प्रत्येकाशी एकट्याने अर्धा तास बोला. हे तुम्ही केलं नव्हतं, असं वाटतं. स्पिन नावाची सतरा प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, एकूण ६८ गुण, १९ च्या वर गेले तर पुढे नीट तपासणी करावी असं मानतात. तिच्यावरून निदान करायचं नसतं. सुरुवातीला आणि शेवटी भरून घेतली तर फरक कळतो. त्या अर्ध्या तासात मला खरं तर दुसरंच पाहायचं असतं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार आहेत का? झोप-जेवण सुटलंय का? लग्नात, कार्यक्रमात जायच्या आधी दारू घ्यायची सवय लागलीय का? बोलताना तोतरेपणा आहे का? पहिल्या तिघांना गटाआधी डॉक्टर हवा. तोतरेपणा असलेल्याला वाचा-उपचार, गट सोबत चालेल.

व्हॉट्सअॅप ग्रुप मागतील. द्या, पण वेळ आणि खोली कळवण्यापुरता. नाहीतर सगळं बोलणं तिथेच सुरू होतं आणि खोलीत पुन्हा शांतता. टाइप करणं हीसुद्धा कुबडीच आहे.

आणि मर्यादा. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसांसाठी पहिली पसंती एकेकट्याने घ्यायच्या वर्तन-विचार उपचाराला आहे. गटाचाही उपयोग होतो, पण एकट्याच्या उपचाराइतका नाही, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबर असेल, पण त्यात असा उपचार करणारा माणूस जवळ आहे हे गृहीत आहे. तुमच्या गावाहून मुलाने दर आठवड्याला दोन-अडीच तासांचा प्रवास करून यायचं, फी द्यायची, घरी काय सांगायचं? तेव्हा सुरुवात गटाने करा. दहा भेटींनंतरही मूल परीक्षेला बसतच नसेल तर अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, इकडे संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आहे, लातूरला, नांदेडला आहे. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत, पैसे लागत नाहीत.

गोळ्यांचं विचारलं नाहीत, पण मुलं विचारतील. सेमिनारआधी छातीची धडधड थांबवणारी गोळी मित्राकडून घेऊन खातात. प्रोप्रानोलॉल. दमा असलेल्याला ती धोक्याची ठरू शकते. डॉक्टर देतात तेव्हा विचार करून देतात. मेडिकलवरून परस्पर नको. दीर्घ त्रासासाठी वेगळी औषधं असतात, ती मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील आणि ती घेणारं मूल गटात आलं तर अडचण काहीच नाही.

या आठवड्याला काय करायचं? उरलेल्या दोघांना बोलवा आणि सरळ सांगा, "पहिल्या दिवशी ओळख करून घेतली ती माझी चूक झाली." प्राध्यापक चुकला आणि जमीन दुभंगली नाही, हे पहिलं प्रात्यक्षिक. सातांना एकेकट्याने निरोप द्या, वर्गात नाही: "ओळख वगैरे काही नाही. बोललं नाही तरी चालेल. चहा आहे." सगळे येणार नाहीत. तीन आले तर पाच होतात आणि पाचात दोन जोड्या बसतात, एक गट घेणाऱ्याबरोबर. त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीला चहाचा प्रसंग सांगा, पण काम तिचं तिला निवडू द्या.

आणि सेवा योजनेची खोली साधारण कुठे असते ते मला माहीत आहे. व्हरांड्याकडे काचेची खिडकी असेल तर मुलं येण्याआधी तिला आतून जुना पेपर चिकटवून घ्या.